मुलांना घेऊन पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंगला जाताय?

पहिली गोष्ट, महिना बघा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि डायव्हिंग बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गोव्यातल्या ग्रांड बेटाकडे बोटी जोरात चालतात. पाणी जरा गढूळच असतं, मुलांना आधीच सांगून ठेवा.

बुकिंग करताना जेवण, बनाना राइड नंतर. आधी विचारा: पाण्याखाली एका प्रशिक्षकामागे किती जण? मुलांसाठी एकास एकच हवा. आम्ही एकदा स्वस्तातलं पॅकेज घेतलं. सराव पाच मिनिटांत उरकला, खुणा शिकवल्याच नाहीत. लेकीचा कान ठणकत होता आणि तिला सांगता येईना. म्हणून कान दुखल्याची खूण घरीच करून घ्या: पंजा आडवा धरून डोलवायचा, मग कानाकडे बोट. आणि कान दुखू नये म्हणून नाक चिमटीत धरून नाकातून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधीच, दर थोड्या खोलीला.

बाकी थोडक्यात:
- दहा वर्षांखालच्यांना स्नॉर्केलिंगच (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघायचं).
- सर्दी असेल तर बुडी नाही, पैसे बुडाले तरी चालतील.
- दमा असेल तर आधी डॉक्टर.
- डायव्हिंगनंतर किमान १८ तास विमान नको. शेवटच्या दिवशी ठेवण्याची चूक बरेच जण करतात.

मुलं घाबरली तर बोटीवरच बसू द्या. ढकलू नका हो!