क्लाउडवरचे घरचे व्हिडिओ टीव्हीवर थेट बघता येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: घरचे जुने व्हिडिओ आणि गाणी मिळून 800 जीबी आहेत, सगळं क्लाउडवर ठेवून डाउनलोड न करता टीव्हीवर बघायचंय, आणि लॅपटॉप कायम चालू ठेवायचा नाही.

होतं. मी दोन वर्षं हेच करतोय. फक्त पहिले तीन महिने मी इंटरनेटवाल्याला शिव्या घालत होतो आणि चूक निघाली माझ्या फाइल्सची. म्हणून प्लॅन वाढवायच्या आधी हे वाचा.

माझी मांडणी साधी आहे. राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, पडलेला असतो. पाच-सात वॅट खातो, त्यामुळे बिलात कळतही नाही. त्यावर आरक्लोन नावाचा प्रोग्रॅम क्लाउडचा फोल्डर 'माउंट' करतो, म्हणजे तो फोल्डर पायला स्वतःच्याच डिस्कवरचा वाटतो. त्यावर जेलीफिन, म्हणजे घरचे व्हिडिओ टीव्हीला पुरवणारा प्रोग्रॅम, बसवलंय आणि टीव्हीत जेलीफिनचं अ‍ॅप. फाइल आख्खी खाली येत नाही. प्लेअर मागेल तेवढाच तुकडा येतो. आरक्लोनमध्ये व्हीएफएस कॅशे, म्हणजे आलेले तुकडे तात्पुरते साठवायची जागा, 'फुल'वर ठेवा (मुळात ती बंद असते) आणि तिला 20-30 जीबीची मर्यादा घाला. कॅशे मेमरी कार्डावर नको, कार्ड लवकर मरतं. जुना एसएसडी लावा.

आता माझी फजिती. ताईच्या लग्नाची मिनीडीव्ही कॅसेट मी कॅमेऱ्यातून जशीच्या तशी उतरवून घेतली होती. डीव्हीचा व्हिडिओ सेकंदाला 25 मेगाबिट खातो, म्हणजे तासाला साधारण 13 जीबी. ती फाइल वर चढवली, संध्याकाळी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. अंतरपाट धरला, 'शुभमंगल' सुरू झालं आणि 'सावधान' यायच्या आत पडद्यावर चकरी फिरायला लागली. आई म्हणाली, "तेव्हा भटजी एवढे थांबले नव्हते रे." माझं कनेक्शन 100 एमबीपीएसचं, मग अडलं कुठे? टीव्हीला डीव्ही हा प्रकारच कळत नाही. त्यामुळे जेलीफिन तो व्हिडिओ चालू असतानाच बदलून देत होतं, म्हणजे ट्रान्सकोडिंग, आणि तेवढा दम बिचाऱ्या पायमध्ये नाही. दोष नेटचा नव्हताच.

तेव्हा वर चढवायच्या आधीच सगळं एकदा एच.264 या टीव्हीला कळणाऱ्या प्रकारात बदलून घ्या, आवाज एएसीमध्ये. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रॅमने आरामात होतं. कॅसेटवरचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचं बनलेलं, म्हणून डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हलत्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. 4 एमबीपीएसला तासाभराची फाइल 2 जीबीच्या आत बसते आणि त्या काळच्या कॅमेऱ्याला तेवढं पुष्कळ झालं. हँडब्रेकमध्येच 'वेब ऑप्टिमाइझ्ड'ची खूण करा. एमपी4 मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि बऱ्याचदा ती फाइलच्या शेवटी पडलेली असते. मग प्लेअर आधी सुरुवात वाचतो, शेवटाकडे उडी मारतो, परत पुढे येतो. घरच्या डिस्कवर हे जाणवत नाही. क्लाउडवर प्रत्येक उडी म्हणजे नवी विनंती आणि पाच-सात सेकंद काळा पडदा. त्या खुणेने अनुक्रमणिका पुढे येते.

दुसरा खड्डा जेलीफिनच्या सेटिंगमध्ये आहे. व्हिडिओ पुढे सरकवताना छोटी चित्रं दिसतात ना, त्याला ट्रिकप्ले म्हणतात. ती चित्रं काढायला जेलीफिन प्रत्येक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं. मी हौसेने ते चालू करून झोपलो आणि सकाळी बघतो तर रात्रभर माझी लायब्ररी क्लाउडवरून खाली ओतली जात होती. ट्रिकप्ले आणि चॅप्टरची चित्रं, दोन्ही बंद ठेवा.

जागा कुठे घ्यायची? गूगल ड्राइव्हसारखी महिन्याच्या वर्गणीची जागा तुम्हाला पुरेल. अ‍ॅमेझॉन एस3 या वापराल तेवढे पैसे घेणाऱ्या सेवेच्या वाटेला जाऊ नका. तिथे ठेवणं स्वस्त वाटतं, पण महिन्याच्या पहिल्या 100 जीबीनंतर बाहेर काढलेल्या प्रत्येक जीबीला साधारण 9 सेंट मोजावे लागतात. त्यानंतर 2 जीबीचं लग्न एकदा बघितलं की पंधरा-सोळा रुपये गेले. आहेर वेगळा. बॅकब्लेझ बी2 या तशाच दुसऱ्या सेवेत साठवलेल्याच्या तिप्पट डेटा महिन्याला फुकट काढता येतो, ते चालेल.

गाण्यांची काळजी करू नका. 320 केबीपीएसचं एमपी3 तासाला 144 एमबी होतं, कशावरूनही वाजेल. खरं तर ती पायच्याच डिस्कवर ठेवा, क्लाउडवर नुसती प्रत.

चढवायला वेळ धरा. अपलोड 40 एमबीपीएस असेल तर 800 जीबीला न थांबता 44-45 तास लागतात. पण व्हिडिओ आधी बदलून घेतलेत तर 800 चे बहुधा दीडशे-दोनशे होतील.

आणि मूळ फाइल्स पुसू नका. अ‍ॅमेझॉनने अमर्याद जागेची योजना 2017 मध्ये गुंडाळली, जेलीफिनसारखंच काम करणाऱ्या प्लेक्सने आपली क्लाउड सेवा नोव्हेंबर 2018 मध्ये बंद केली, गूगल फोटोजचं फुकट अमर्याद 1 जून 2021 पासून संपलं. माझे डीव्हीचे मूळ व्हिडिओ एका हार्ड डिस्कवर आहेत. ती आईच्या कपाटात, पैठणीखाली असते, आणि दिवाळीच्या साफसफाईत बाहेर निघाली की लॅपटॉपला लावून दोन-चार फाइल्स चालवून बघतो.