नुकतंच वाचायला लागलेल्या मुलीसाठी चित्रांची पुस्तकं कशी निवडायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सहा वर्षांची आहे, अक्षरं जुळवून वाचते पण पुस्तक हातात दिलं की दोन पानांत कंटाळते, मग कसली पुस्तकं आणायची. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी अगदी इथेच होता म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका पानावर मांजराचं चित्र आणि खाली ‘माऊ झोपली’. त्याने खणखणीत आवाजात वाचलं, “मांजर झोपलं.” अक्षरांकडे बघितलंच नव्हतं! मी चित्रावर हात ठेवला तर ‘मा’च्या पुढे गाडी जाईना. तेव्हा कळलं की वाक्यात जे आहे तेच चित्रात असेल तर मुलांना वाचायची गरजच पडत नाही, चित्र बघून अंदाजाने बोलून मोकळी होतात आणि मग साहजिकच कंटाळतात.

म्हणून मी आता एकच गोष्ट आधी बघते, चित्रात शब्दांपेक्षा काही वेगळं घडतंय का. पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं ‘रोझीज वॉक’ बघा, इंग्रजीत आख्ख्या पुस्तकात मिळून एकच वाक्य आहे, ३२ शब्दांचं, कोंबडी फिरायला गेली आणि जेवायच्या वेळेला परत आली एवढंच. पण चित्रात तिच्या मागे मागे कोल्हा आहे, आणि शब्दांत त्याचा उल्लेखच नाही! कोल्हा तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या मागे लागतात आणि कोंबडीला पत्ताच नाही. मुलं वाक्य वाचतात, मग चित्र बघतात आणि ओरडतात, अगं मागे बघ मागे! इथे शब्दही वाचावे लागतात आणि चित्रही वाचावं लागतं.

दुसरं म्हणजे छपाई, याकडे कोणी फारसं बघत नाही पण मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या लिपीत खाली उकार, वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, त्यामुळे ओळी चिकटून छापल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो आणि मोठ्यांना ते जाणवतही नाही पण बोट ठेवून वाचणारं मूल तिथेच थांबतं. गडद चित्रावर छापलेली अक्षरं, नक्षीदार वळणं, ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द, असं काही दिसलं तर पुस्तक परत ठेवा, गोष्ट कितीही छान असली तरी. जोडाक्षरं पानात एखाददुसरं चालेल, ‘स्वच्छ’, ‘प्रत्येक’, ‘आश्चर्य’ एकाच ओळीत नको.

पाच बोटांची युक्ती ऐकली असेल, एका पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट आणि पाच झाली की पुस्तक अवघड. पण या वयाच्या पुस्तकात पानावर शब्दच मोजून आठदहा असतात, त्यामुळे मी दोन बोटांवरच थांबते. ते पुस्तक मग फेकायचं नाही, आपण वाचून दाखवायचं. वाचून दाखवायची पुस्तकं आणि तिने स्वतः वाचायची पुस्तकं वेगळीच असू देत, पहिल्यात कितीही कठीण शब्द आले तरी काही बिघडत नाही.

शेवटच्या पानावर तात्पर्य असेल तर मी शक्यतो घेत नाही. आणि निवडताना तिला सोबत घ्या, चारपाच तुम्ही बाजूला काढा, त्यातलं एक तिला काढू दे. तेच पुस्तक वीस वेळा मागितलं तरी द्या, अशाच कोल्ह्याच्या एका दुसऱ्या पुस्तकात माझ्या मुलाला कोल्ह्याच्या मागच्या झाडाखालचा बेडूक सातव्या की आठव्या वेळेला दिसला आणि त्या दिवशी त्याने ते पान मला स्वतःहून वाचून दाखवलं.