संगणक सल्ला : फॉरमॅट मारण्याआधी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत : अपडेट झाले आणि लिनक्सचा संगणक उघडेनासा झाला. त्यांतली चार इथे घेतली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या. आडव्या रेघेआधी मोकळी जागा दिसली तर ती सोडायची, रेघेनंतर सोडायची नाही.

प्रश्न : गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. संगणकावर लिनक्स मिंट २२ आहे. मिरगाच्या आधीच्या वादळात अपडेट चालू असताना लाइन गेली. आता सुरू केलं की काळ्या पडद्यावर अक्षरं येऊन थांबतात. शेवटी ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं काहीतरी दिसतं. तालुक्याचा मेकॅनिक म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. तीन वर्षांचे सातबारा, पीक विम्याचे अर्ज, सगळं स्कॅन त्यातच आहे.
– केंद्रचालक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका. या संदेशामागे बहुतेक वेळा एकच अर्धवट फाइल असते आणि तुमचे स्कॅन तिच्यापासून वेगळ्या जागी असतात.

नवीन कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, येतो तेव्हा ‘/बूट’ या फोल्डरमध्ये मुख्यतः दोन फाइली पडतात. एक कर्नल स्वतः, दुसरी ‘इनिटआरडी’ नावाची. या दुसरीत डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर असतात आणि ती तुमच्याच संगणकावर, अपडेटच्या शेवटी शेवटी तयार होते. तिथेच लाइन गेली तर कर्नल जागा होतो, पण त्याला डिस्क सापडत नाही. ‘रूट माउंट करता येत नाही’ म्हणजे एवढंच.

सुटका करणारी गोष्ट अशी की मिंट आणि उबंटू जुना कर्नल लगेच काढत नाहीत. संगणक सुरू करताच जुन्या बायोसच्या (लिनक्सच्या आधी जाग्या होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामच्या) मशीनवर शिफ्ट दाबून धरा. यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पद्धत, असेल तर कंपनीचं चिन्ह जाताच एस्केप एकदा-दोनदा दाबा. जास्त वेळा दाबला गेला तर ‘ग्रब’ (कर्नलांची यादी दाखवणारा सुरुवातीचा प्रोग्राम) आणि बाणाची खूण एवढंच दिसेल. घाबरायचं नाही, ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर द्या आणि लगेच एस्केप दाबा. यादी आली की ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जा. कर्नल आकड्यांसह दिसतील, सगळ्यात नवा वर. त्याच्या खालचा, ‘रिकव्हरी’ न लिहिलेला निवडा. बहुतेक वेळा नेहमीचा डेस्कटॉप उघडतो. उघडला की सगळ्यात आधी स्कॅनचं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा, दुरुस्ती नंतर.

मग टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून :

‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’

पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तसंच टाकून एंटर द्यायचा. अर्धवट राहिलेली पॅकेजं (प्रोग्रामचे गठ्ठे) ही आज्ञा पूर्ण करते. त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. आता ‘एलएस -एलएच /बूट’ देऊन इनिटआरडीच्या ओळी बघा. चांगली फाइल काही दशक एमबींची असते, कधी शंभरीही ओलांडते. नव्या कर्नलच्या ओळीत शून्य, किंवा शेजारच्या जुन्या फाइलीपेक्षा फारच लहान आकडा दिसला, की चोर सापडला. तेव्हा ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के’ एवढं टाकून पुढे एक जागा सोडून त्या कर्नलचा पूर्ण क्रमांक ‘जेनेरिक’सकट लिहा. शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’.

मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं तर लाइनचा दोष दुय्यम आहे. ‘डीएफ -एच /बूट’ ने जागा बघा. डिस्क एन्क्रिप्ट करून बसवली असेल तर ‘/बूट’चं विभाजन (पार्टिशन) वेगळं आणि लहान असतं, चार-पाच कर्नलांत ते भरतं. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ जुने कर्नल रीतसर काढते. ‘/बूट’मधल्या फाइली हाताने उडवू नका, पॅकेजांच्या नोंदीत त्या आहेतच असं राहतं आणि पुढचं अपडेट तिथे अडखळतं.

जुना कर्नलही उघडला नाही तर ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, दुसऱ्या संगणकावर त्यावर मिंटची लाइव्ह प्रत (डिस्कवर न बसवता चालणारी) तयार करा आणि त्यावरून सुरू करा. इन्स्टॉलच्या चिन्हाला हात न लावता फाइल मॅनेजरमधून जुनी डिस्क उघडा, फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या. मेकॅनिककडे मशीन द्यायचंच असेल तर हे झाल्यावर द्या.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावा. अपडेटचे दोन टप्पे असतात. डाउनलोड चालू असताना लाइन गेली तर काही बिघडत नाही, राहिलेलं पुन्हा उतरतं. पॅकेजं उलगडून बसवताना गेली तर वरचा प्रसंग. म्हणून दोन्ही वेगळे करा. रात्री, दिवसाचा डेटा उरला असेल तेव्हा, ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि मग ‘सुडो एपीटी अपग्रेड -डी’. यातलं ‘डी’ फक्त उतरवून ठेवतं. सकाळी यूपीएस पूर्ण चार्ज असताना, आभाळ मोकळं असताना, तीच आज्ञा ‘डी’शिवाय द्या. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. ती ठीक असेल तर एका डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं धरते. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ती दोन-तीन वर्षांतच दम सोडते. अपडेटआधी, कुठलंही काम उघडं नसताना, यूपीएसचा प्लग काढून पाच मिनिटं मोजून बघा.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत देणगीतून आलेला उबंटूचा संगणक आहे, त्यात एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड. अपडेटनंतर चिन्ह येतं आणि मग नुसता काळा पडदा. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून बसवला होता.
– शिक्षिका, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : मॅडम, तुमच्या शेवटच्या वाक्यात कारण आहे. साइटवरून बसवलेला ड्रायव्हर त्या वेळच्या कर्नलपुरता बांधला जातो. नवा कर्नल आला की तो पुन्हा बांधावा लागतो आणि अशा बसवणीत बऱ्याचदा ते आपोआप होत नाही.

आधी मशीन जिवंत आहे का बघा. काळ्या पडद्यावर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर संगणक चालू आहे, चित्र तेवढं अडलं आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. नाव-पासवर्ड मागणारा पडदा आला तर तिथूनच दुरुस्ती होते. नाही आला तर वर सांगितल्याप्रमाणे ग्रबची यादी आणा, पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी ‘क्वायट स्प्लॅश’च्या पुढे जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एकाच वेळेपुरता असतो.

आत गेल्यावर ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ देऊन साइटवरचा ड्रायव्हर काढा आणि पुन्हा सुरू करा. शाळेच्या कामाला आमच्या मते इथेच थांबावं. लिब्रेऑफिस, ब्राउझर, धड्यांचे व्हिडिओ यांना कर्नलसोबत येणारा ‘नूव्हो’ ड्रायव्हर पुरतो, आणि दर अपडेटला धाकधूक राहत नाही. एनव्हिडियाचाच हवा असेल तर या पिढीच्या कार्डाला ४७० मालिकेपुढचा चालत नाही, हे लक्षात ठेवा. तो उबंटूच्या ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ मधूनच घ्या. तिथून घेतलेला दर कर्नलला नव्याने बांधण्याचा प्रयत्न होतो, आणि ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेत नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसतं की नाही ते तपासता येतं. सिक्युअर बूट (सही केलेलेच ड्रायव्हर चालू देणारी सोय) चालू असेल तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा घाईत टळला तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

प्रश्न : पासवर्ड बरोबर टाकतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो.
– कृषी सेवा केंद्र, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : डिस्क भरली आहे का ते आधी बघा. कंट्रोल, ऑल्ट, एफ३ ने अक्षरांच्या पडद्यावर जा आणि ‘डीएफ -एच’ द्या. ‘/’ च्या ओळीत १०० टक्के असेल तर ‘सुडो एपीटी क्लीन’ आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ (हा ‘एम’ तेवढा मोठ्या लिपीतला). एवढ्याने आत जाण्यापुरती जागा होते. जागा असूनही अडलं तर घरच्या फोल्डरमधली ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइल तपासा (यातला ‘एक्स’ तेवढा मोठ्या लिपीतला). कधीतरी सुडो लावून एखादा डेस्कटॉपचा प्रोग्राम उघडला की तिची मालकी रूट या मुख्य खात्याकडे जाते आणि तुम्हाला प्रवेश मिळत नाही. ती ‘सुडो आरएम’ने काढून टाका, पुढच्या प्रवेशाला नवी तयार होते.

प्रश्न : अपडेटनंतर रीस्टार्ट केलं तर ‘इनिट्रॅमएफएस’ लिहून कंसात थांबलं. घड्याळही कित्येक वर्षं मागे दाखवतं. अपडेटनेच बिघडलं ना?
– ग्रंथालय, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : अपडेटचा दोष असेलच असं नाही. महिनोन्‌महिने झोपवून ठेवलेला संगणक अपडेटमुळे पहिल्यांदा पुरता बंद होऊन सुरू होतो, आणि आधीपासून मुरलेलं दुखणं तेव्हा दिसतं.

पडद्यावर वर कुठेतरी ‘रन एफएससीके मॅन्युअली’ आणि एका विभाजनाचं नाव असेल, समजा ‘/डेव्ह/एसडीए२’. तेच नाव घेऊन ‘एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२’ द्या. तपासणी संपली की ‘एक्झिट’. आठवडाभरात हेच पुन्हा झालं तर आधी पुस्तकांच्या नोंदी दुसरीकडे उतरवा. मग डिस्कची तब्येत दाखवणारं ‘स्मार्टमॉनटूल्स’ बसवून ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए’ द्या. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीअॅलोकेटेड सेक्टर’च्या शेवटच्या रकान्यात आकडा वाढत असेल तर डिस्क बदला. तिथे शून्य आणि फक्त ‘सीआरसी एरर’ वाढत असेल तर डिस्कची साटा केबल सैल किंवा खराब आहे. केबल बदलून बघा.

घड्याळाचं कारण मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल. त्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, ३ व्होल्टचा. प्लग काढा, लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा, बायोसमध्ये तारीख लावा. तारीख मागे राहिली तर ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड यट’ म्हणून पुढची अपडेट नाकारली जातात आणि सुरक्षित संकेतस्थळंही उघडत नाहीत. सेल बदलल्यावर बायोसमध्ये डिस्कची मांडणी ‘एएचसीआय’ आणि सुरुवातीचा क्रम पूर्वीसारखाच आहे ना, तेही तिथेच बघून घ्या.