जपानमधली तरुण मुलं खरंच फोटोंत दिसतात तशी रंगीबेरंगी, चित्रविचित्र कपड्यांत फिरतात का? त्यांना स्वतःला त्याबद्दल काय वाटतं?

बहुतेक जण नाही फिरत. मी तोक्योत निशिकासाईला राहते. सकाळच्या तोझाई लाइनच्या गर्दीत काळा, राखाडी, बेज आणि नेव्ही ब्लू एवढेच रंग दिसतात, विशीतल्या मुलामुलींच्या अंगावरही. तुम्ही तोक्योतल्या हाराजुकू भागाचे जे फोटो पाहिले असतील ते खोटे नाहीत, पण त्यांतले गाजलेले बरेचसे पंचवीसेक वर्षांपूर्वीचे असतात.

त्या काळाची गोष्ट थोडी सांगते. आज जिथे योयोगी पार्क आहे तिथे युद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती, म्हणून शेजारच्या हाराजुकूत परदेशी वस्तूंची दुकानं आली. १९७७ पासून तिथला मोठा रस्ता रविवारी गाड्यांना बंद ठेवायला लागले आणि मुलांना फुकटचं अंगण मिळालं. नाच, बँड, घरी शिवलेले कपडे, सगळं तिथे चालायचं. १९९७ मध्ये आओकी शोइची या छायाचित्रकाराने 'फ्रूट्स' मासिक काढलं आणि रस्त्यावरच्या या मुलांचे फोटो जगभर पोचवले. १९९८ मध्ये रविवारी रस्ता असा मोकळा ठेवणं थांबलं. योगायोग असा की त्याच वर्षी युनिक्लो या स्वस्त, साध्या कपड्यांच्या कंपनीने हाराजुकूत दुकान थाटलं आणि १९०० येनच्या फ्लीस जॅकेटने सगळा देश वेडा केला. 'फ्रूट्स'चा छापील अंक २०१७ मध्ये थांबला. टिपण्यासारखी मुलंच आता दिसत नाहीत, असं आओकींचं म्हणणं होतं. मला ते अर्धंच पटतं. मुलं आहेत, पण रस्त्यावर ताटकळत उभं राहण्याची त्यांना गरज उरलेली नाही; फोटो ती स्वतःच काढतात आणि इन्स्टाग्रामवर टाकतात.

आता त्यांना काय वाटतं ते. माझ्या ऑफिसातली एक मुलगी आठवडाभर पांढरा शर्ट-काळी पँट आणि सुट्टीच्या दिवशी लोलिता घालते. लोलिता म्हणजे घेरदार गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, आत फुगवणारा पेटिकोट, लेसचे मोजे, डोक्यावर बो किंवा बॉनेट. "हे कॉस्प्ले का?" असं कुणी विचारलं की तिचा चेहरा पडतो. कॉस्प्ले म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी सोंग. हे माझे कपडे आहेत, असं तिचं म्हणणं. मला नवल वाटलं ते त्यातल्या नियमांचं. पेटिकोट नसेल तर चालत नाही, लेस स्वस्तातली दिसली तर जाणकार बायका नाक मुरडतात, मोज्यांचा रंग फ्रॉकवरच्या छापाशी जुळायलाच हवा. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि गॉगल लावून बुलेटवर निघणाऱ्या मुली डोळ्यांपुढे आणा: बाहेरच्याला धिटाई दिसते, आणि आतलीला नथ कोणत्या बाजूला हवी ते पक्कं ठाऊक असतं. माझ्या या सहकारिणीला समाजाविरुद्ध बंड वगैरे काही करायचं नाही. तिला लेस आवडते, आणि लेस आवडणाऱ्या चारजणींबरोबर चहा प्यायला आवडतं.

बंड हा शब्द वापरायचाच असेल तर तो ग्यारू मुलींसाठी राखून ठेवा. नव्वदच्या दशकात तोक्योतल्या शिबुया भागात '१०९' नावाच्या कपड्यांच्या दुकानांच्या इमारतीभोवती जमणाऱ्या या मुलींनी केस सोनेरी केले आणि कातडी उन्हात, नाहीतर टॅनिंग मशीनमध्ये भाजून काळी केली. गोरेपणाचं वेड जपानलाही आपल्याइतकंच आहे, तेव्हा हे केवढं धाडस होतं ते फेअरनेस क्रीमच्या जाहिराती बघत वाढलेल्या आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांचं 'एग' मासिक २०१४ मध्ये बंद पडलं आणि २०१८ मध्ये इंटरनेटवर परत आलं. आताच्या ग्यारू तितक्या काळ्या होत नाहीत, पण लोक काय म्हणतील याची फिकीर न करण्याला अजून 'ग्यारू माइंड' म्हणतात.

शाळेचा भागही विसरू नका. इथे गणवेश तर असतोच, शिवाय केसांच्या रंगावर नियम असतात. ओसाकातल्या एका मुलीने, आपले मुळातले तपकिरी केस शाळेने वारंवार काळे करायला लावले म्हणून २०१७ मध्ये दावा लावला होता. २०२१ मध्ये तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई मिळाली, पण केसांचा नियम कोर्टाने चूक ठरवला नाही. तोक्योच्या सरकारी हायस्कुलांनी असे काही नियम २०२२ च्या एप्रिलपासून काढले. पुढे नोकरी शोधताना सगळे एकसारख्या काळ्या सुटात. म्हणजे मनासारखं नटायला मिळतात ती मधली कॉलेजची चार वर्षं, आणि रविवार.

बाकीची, म्हणजे बहुसंख्य मुलं कपड्यांचा विचार करत नाहीत असं मात्र अजिबात नाही. उलट फार करतात. पैसे भरून 'पर्सनल कलर' तपासून घेतात: आपल्या कातडीला निळसर छटा शोभते की पिवळसर. हाडांच्या ठेवणीवरून स्ट्रेट, वेव्ह, नॅचरल असे प्रकार ठरवून घेतात आणि त्याप्रमाणे जीयू या युनिक्लोच्याच स्वस्त ब्रँडमधला शर्ट निवडतात. मला हे जरा पत्रिका जुळवण्यासारखं वाटतं, पण त्यांना त्यात निश्चिंती वाटते. चारचौघांत खटकू नये आणि तरी आपल्याला शोभावं, एवढीच अपेक्षा. मुलांमध्ये सैल कपडे आणि जुन्या कपड्यांची आवड. त्यासाठी तोक्योतल्या शिमोकिताझावा आणि कोएन्जी या भागांत फुरुगीची, म्हणजे वापरलेल्या कपड्यांची, दुकानंच दुकानं आहेत.

इकडे आलात तर हाराजुकूच्या ताकेशिता गल्लीत पर्यटकांचीच गर्दी जास्त दिसेल. लोलिता पाहायची असेल तर तिथून जवळच लाफोरे या कपड्यांच्या दुकानांच्या इमारतीचे खालचे मजले गाठा. नवा फ्रॉक तीस-चाळीस हजार येनला जातो, म्हणून बऱ्याच मुली 'क्लोझेट चाइल्ड'सारख्या दुकानांत वापरलेला घेतात. आणि फोटो काढण्याआधी विचारा. "शाशिन इइ देस का?" म्हणजे 'फोटो काढला तर चालेल का?', एवढं पुरतं. काही जणी छान पोझ देतात, काही हात हलवून नाही म्हणतात. नाही म्हणाल्या तर मोबाइल खिशात ठेवा, लांबून झूम करून काढलेलं त्यांना लगेच कळतं.