चूक आजीची की लेखकाची?

लेखनाविषयी वाचकांचे प्रश्न आणि संपादक मंडळाची उत्तरं

प्रश्न : माझ्या कादंबरीतली आजी तिसऱ्या प्रकरणात म्हणते, फुटलेल्या पानशेत धरणाचं पाणी वाड्यात दिवेलागणीला शिरलं. अकराव्या प्रकरणात तीच सांगते, सकाळचा स्वयंपाक तसाच टाकून आम्ही पळालो. हस्तलिखित वाचणाऱ्यांनी याला विसंगती म्हटलं. माणसाची आठवण अशीच असते ना? मग बदलू कशाला? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आठवण चुकते, पण वाटेल तशी चुकत नाही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत काही विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता, असं एका गटाला विचारलं. दुसऱ्याला विचारताना ‘जोरात आपटल्या’ असं क्रियापद वापरलं. आठवड्याने सगळ्यांना प्रश्न केला, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. तरी ‘आपटल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी हो म्हटलं. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. म्हणजे चुकीला दिशा असते. ती नंतर कानावर पडलेल्या गोष्टीकडे, एरवी जे घडतं त्याकडे किंवा स्वतःला शोभेल अशा बाजूला कलते. लेखकाच्या नजरचुकीला अशी कुठलीच दिशा नसते आणि जाणत्या वाचकाला हा फरक लगेच जाणवतो.

आता आजीकडे वळू. पानशेत फुटलं बुधवारी, १२ जुलै १९६१ रोजी, सकाळी. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या, मागोमाग खडकवासलाही गेलं. त्या दिवशी अमावस्या होती. पहिल्या रात्रीचा तो मिट्ट काळोख आजीच्या मनात पाणी येण्याच्या क्षणाला जाऊन चिकटला, हे पटण्यासारखं आहे. मग तिला तसंच बोलू द्या: “दिवेलागणीची वेळ, शाळेला निघालेली पोरं मी दारातूनच माडीवर पिटाळली.” वेळ चुकली, शाळेचा तपशील मात्र खरा राहिला. चुकीच्या वाक्यातच खरं काय ते डोकावलं की वाचक आजीवर संशय घेतो, तुमच्यावर नाही. ‘मी पिटाळली’ यातही गंमत आहे. पोरांना माडीवर नेलं ते काकूंनी, असं पुढे निघालं तर आजीचा स्वभाव आयताच हाती येतो.

लिहिण्यापूर्वी एका कागदावर खरं काय घडलं ते तासवार मांडा. हा कागद कादंबरीत जाणार नाही, पण तो नसेल तर चूक कशाच्या तुलनेत आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही. त्याखाली आजी ही हकिकत कुणाला, कधी आणि कशासाठी सांगते ते लिहा. नातवासमोरची आजी वेगळी, वाड्याच्या वाटणीचा वाद चालू असतानाची वेगळी. मग आजीच्या तोंडून न आलेला एक तरी पुरावा पेरा: शाळेचा हजेरीपट, तारीख घातलेलं पत्र किंवा शेजाऱ्याचं सहज बोलणं. तो पहिल्या चुकीनंतर लगेच, शक्यतो त्याच प्रकरणात यावा. आठ प्रकरणांचं अंतर ठेवलंत, की वाचकाला दोन विधानांपैकी एकच आठवतं आणि तुमचा डाव वाया जातो. निवेदकाकरवी मात्र “आजी चुकत होती” असं वदवू नका.

अशा चुका किती ठेवायच्या? आमच्या मते एका पात्राला एक पुरे, फार तर दोन. सगळंच डळमळीत झालं की वाचक तपासणं सोडतो. डोळ्यांचा रंग, जिन्याच्या पायऱ्या, भावंडांची संख्या असल्या निरुपयोगी तपशिलातली तफावत सरळ दुरुस्त करा. तिला स्मृतीचं नाव देणं ही पळवाट झाली.

प्रश्न : नायकाच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं, नंतर ते उजव्या हाताला गेलं. चौघांनी वाचूनही कुणाला कळलं नाही. राहू द्यावं का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : नको. चौघांचं न दिसणं हे नेहमीचंच आहे. सायमन्स आणि लेविन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या प्रयोगात एक अनोळखी माणूस वाटसरूला रस्ता विचारत असे. मधून दार वाहून नेणारे जात आणि त्या आडोशाने तो माणूसच बदलला जाई. जवळपास निम्म्या लोकांना पत्ता लागला नाही. छापलेलं पुस्तक मात्र पुन्हा पुन्हा वाचलं जातं. शेरलॉक होम्सचा सोबती वॉटसन याला गोळी लागली ती १८८७च्या कादंबरीत खांद्याला, १८९०च्या कादंबरीत पायाला. होम्सचे चाहते अजून त्यावर वाद घालतात.

पाचव्या वाचकाला “कसं वाटलं?” विचारू नका. एकच पात्र नेमून द्या आणि त्याचं शरीर, कपडे, हातातल्या वस्तू पानांच्या आकड्यांसह उतरवून घ्यायला सांगा. तुम्ही स्वतः प्रकरणं शेवटाकडून वाचा. कथेचा ओघ तुटला की मन गाळलेल्या जागा भरत बसत नाही.

प्रश्न : तृतीयपुरुषी निवेदनात लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर चंद्रप्रकाश लिहिला. नायिकेला तसं वाटलं, असं म्हणता येईल? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही. लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं आणि वाक्य निवेदकाचं आहे. दिवे आणि चंद्र दोन्ही हवेत तर प्रसंग पंधरवडा पुढे, त्रिपुरी पौर्णिमेला न्या. फराळाचं ताट तेवढं काढून टाकावं लागेल.