‘काळ्या दगडावरची रेघ’: दगड काळाच का, आणि रेघ पुसते का?

प्रश्न असा आहे: “‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणजे कधीही न पुसली जाणारी गोष्ट. पण दगड काळाच का? घाटातल्या ओढ्यात काळेच दगड पाण्याने गुळगुळीत झालेले दिसतात, मग ही उपमाच चुकीची नाही का? आणि ‘त्यांची मैत्री ही काळ्या दगडावरची रेघ होती’ असं लिहिलेलं चालेल का?”

आधी वापराचं बघू, कारण बाकीच्याचा उलगडा त्यातूनच होतो. हे शब्द तोंडात येतात ते साधारण दोन प्रसंगी. एक, भाकीत करताना: “तो आज काही येत नाही, काळ्या दगडावरची रेघ!” दुसरा, कुणाच्या शब्दाबद्दल बोलताना: “आबा एकदा बोलले की काळ्या दगडावरची रेघ.” दोन्हीकडे भर आहे तो ‘यात आता पालट नाही’ यावर. किती काळ टिकेल याची इथे फारशी फिकीर नसते. “तो आज येत नाही” ही रेघ जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकायची असते, तरी तिला काळा दगड लागतोच.

आता रंग. हिंदीत नुसतं ‘पत्थर की लकीर’ म्हणतात, दगडाचा रंग कुणी सांगत नाही. मराठीने ‘काळ्या’ जोडलं, आणि माझ्या मते त्याचं कारण पायाखालीच आहे. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वर आला, थरावर थर पसरत गेला आणि थिजला. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या. लोह आणि मॅग्नेशियम असलेल्या खनिजांमुळे हा दगड काळा दिसतो. ज्या मुलखात दगड म्हटला की हाच डोळ्यांपुढे येतो, तिथे म्हणीतला दगड लाल किंवा पांढरा कशाला असेल? उत्तरेत लालसर आणि पिवळट वालुकाश्म भरपूर वापरला गेला, शिवाय प्रदेशागणिक दगड बदलतो, तेव्हा तिथल्या म्हणीने रंग सोडून दिला तर नवल नाही.

रंगाचा आणखी एक फायदा आहे. काळ्या दगडावर टाकी, म्हणजे पाथरवटाची छिन्नी, मारली की तिथला पृष्ठभाग चेचला जातो आणि घाव राखाडी-पांढरा उमटतो. पाटीवरच्या पेन्सिलीसारखी रेघ लांबून ओळखू येते. नुसती टिकणारी नव्हे, सगळ्यांना दिसणारी रेघ. दिलेला शब्द चारचौघांत दिलेला असतो, त्याला हे चपखल बसतं.

काही जण इथे सोनाराची कसोटी आणतात. तो दगडही काळाच, आणि त्यावर सोन्याची रेघ ओढून कस पाहतात. संस्कृतात त्या दगडाला निकष म्हणतात. आज आपण ‘निवडीचे निकष’ म्हणतो तो हाच शब्द. व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण मला पटत नाही. कसोटीवरची रेघ पुसून दगड पुन्हा वापरात घेतात. जी रेघ पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुसायचीच असते, ती न बदलणाऱ्या शब्दाची खूण कशी होईल? ‘काळ’ आणि ‘काळा’ यांची सांगड घालून “म्हणजे काळाच्या दगडावरची रेघ” असं सांगणारेही भेटतात. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात काळा रंग आणि समय या अर्थांचे ‘काल’ हे दोन वेगळे शब्द म्हणून नोंदले आहेत. कवितेत खुशाल जोडा, व्युत्पत्तीत नको.

तुमचा खरा आक्षेप पाण्याचा. तो बरोबर आहे, आणि त्यासाठी ओढ्यापर्यंत जायचीही गरज नाही. घरातला पाटा बघा. नव्या पाट्यावर टाकीचे बारीक घाव दाटीने असतात. मिरची, खोबरं, लसूण, पाण्याचा हबका आणि वरून वरवंटा, असं चालू राहिलं की घाव झिजतात. पाटा गुळगुळीत झाला की वाटण वाटलं जात नाही, नुसतं सरकतं. मग पाथरवटाकडून पुन्हा टाकी लावून घ्यायची. जात्याचंही तेच. म्हणजे ज्या घरांतून “काळ्या दगडावरची रेघ” हे शब्द ऐकू येत, त्याच घरांत काळ्या दगडावरच्या रेघा नियमाने पुसल्या जात होत्या. बायकांना हे ठाऊक नव्हतं असं मानायचं कारण नाही. म्हणीने घासण्याकडे काणाडोळा केला इतकंच.

नदीतलं काम हेच, फक्त आवाका मोठा. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुरात आलेले गोटे पात्रातल्या खोलगट जागी अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि खालचा कातळ कोरत जातात. वर्षानुवर्षं हे चाललं की रांजणाएवढे, विहिरीसारखे खड्डे होतात, कडेने घोटीव. तिथे उभं राहिलं की कळतं, एकट्या पाण्याने हे झालेलं नाही. दगडानेच दगड खाल्ला, पाण्याने तो फिरवला. उलट जिथे घासणारं कुणी नाही तिथे रेघ खरंच टिकते. नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनकाळातला, राणी नागनिकेशी जोडलेला ब्राह्मी लेख सुमारे दोन हजार वर्षांनंतरही आहे. मात्र त्यातलाही बराच मजकूर झडला आहे.

याच उपमेचं एक फार जुनं रूप पाली भाषेत आहे, आणि ते मला म्हणीपेक्षा नेमकं वाटतं. अंगुत्तरनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या लेखसुत्तात माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत: दगडावरच्या रेघेसारखा, जमिनीवरच्या रेघेसारखा आणि पाण्यावरच्या रेघेसारखा. विषय आहे राग. दगडावरच्या रेघेसारखा माणूस म्हणजे ज्याचा राग मनात घर करून राहतो. आपण म्हणू, डूख धरणारा. जमिनीवरच्यासारखा रागावतो, पण राग फार दिवस धरत नाही. पाण्यावरच्यासारख्याला टाकून बोललं तरी तो सलोखा सोडत नाही. म्हणजे आपण ज्या रेघेला कौतुकाने मिरवतो, ती इथे तिघांत सगळ्यात वाईट. मराठीत मात्र पाण्यावरची रेघ फारशी रुजली नाही; क्षणभंगुरासाठी आपल्याकडे ‘अळवावरचं पाणी’ आहे आणि ते पुरतं.

त्या सुत्तातले दोन शब्द तुमच्या आक्षेपाचं उत्तरच आहेत. दगडावरची रेघ वाऱ्याने किंवा पाण्याने “न खिप्पं लुज्जति”. खिप्पं म्हणजे क्षिप्र. लवकर झिजत नाही, एवढंच म्हटलं आहे. झिजतच नाही असं म्हटलेलं नाही. रेघ ‘चिरट्ठितिका’, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी. मराठीने हा ‘लवकर’ गाळला आणि रेघ अमर करून टाकली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात चूक काही नाही, वाक्प्रचार भूगर्भशास्त्राला विचारून चालत नाहीत. पण उपमा चुकीची आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: उपमा बरोबर होती, आपण तिचा अर्थ ताणला.

राहिलं तुमचं वाक्य. “त्यांची मैत्री ही काळ्या दगडावरची रेघ होती” हे मला खटकतं, दोन कारणांनी. हा वाक्प्रचार विधानाला किंवा शब्दाला लागतो, नात्याला सहसा लागत नाही. आणि ‘होती’ म्हटलं की वाचणारा लगेच विचारतो, मग पुसली कधी? मैत्री टिकली एवढंच सांगायचं असेल तर “त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली” पुरे. रेघ हवीच असेल तर तिला भाकितात बसवा: “काही झालं तरी हे दोघं एकमेकांना सोडायचे नाहीत, काळ्या दगडावरची रेघ.” भूतकाळात लिहिताना ते वाक्य गावातल्या कुणाच्या तरी तोंडी घाला, म्हणजे ‘होती’ची अडचण उरत नाही.