सांगलीत जुन्या घरावर एक खोली चढवायची तर महापालिकेची परवानगी लागते का? वायरिंग, नळाचं काय?

लागते. नुसता गिलावा, रंग, फरशी बदलणं, कौलं शाकारणं यांना लागत नाही. पण भिंत उभी राहिली, स्लॅब पडला, की परवानगी आलीच. मिस्त्री म्हणतो, ‘एकच खोली आहे, कोण बघतंय?’ आमच्या मेव्हण्यांनी हेच ऐकलं. सेंट्रिंग लागलं, सळई बांधून झाली आणि शेजाऱ्याने अर्ज दिला. नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकामाची नोटीस आली, फळ्यांचं भाडं मात्र चालूच.

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला मार्ग सोपा आहे: परवानाधारक इंजिनिअरकडून नियमात बसणारा नकाशा दाखल करायचा, शुल्क भरायचं, ती पावती हीच परवानगी. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव तुमचंच आहे ना, ते आधी बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं, कारण उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो.

आणि सांगली म्हटलं की कृष्णा आलीच. निळ्या पूररेषेच्या (नकाशावरची, नदीला जवळची) आत नव्या बांधकामाला मनाई आहे, निळी आणि त्यापलीकडची लाल (मोठ्या पुराची) या रेषांच्या मध्ये अटी आहेत. २०१९ ला पाणी कुठवर चढलं होतं ते गावभागात कुणीही भिंतीवर हात ठेवून दाखवेल. पण ग्राह्य धरतात ती नकाशावरची रेषा, तेव्हा जागा तिच्यात येते का हे नगररचना विभागात विचारून घ्या.

वायरिंगला वेगळी बांधकाम परवानगी नाही. लोड वाढवायचा असेल तर महावितरणला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्या. नवीन नळजोडणीचा अर्ज पाणीपुरवठा विभागात.